विहिरीचा रविवार

"रविवार कुणाचाच नाही." हे वाक्य माझं. माझ्या मुलाचं, मितेशचं नव्हे, त्याच्या पप्पांचंही नव्हे. गावात कुणी कुणालाही बोल लावो, माझ्या तोंडून निघालेला शब्द मी दुसऱ्याच्या गळ्यात घालणार नाही.

आमची विहीर भुईगावात, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. आमच्या आणि शेजारच्या मार्गारेटच्या वाडीच्या अगदी मधोमध. माझ्या सासऱ्यांनी आणि तिच्या नवऱ्याच्या, सेबेस्टियनच्या बापानं मिळून खणलेली, म्हणून अर्धी आमची, अर्धी त्यांची. कठड्यावर त्यांच्या बाजूला सिमेंटचा लहानसा क्रूस आहे, आमच्या बाजूला शेंदूर लावलेला दगड. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाचं पाणी आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याचं. एक वर्ष सोमवार त्यांचा, दुसऱ्या वर्षी आमचा. ही अदलाबदल दर पाडव्याला होते आणि त्यावरून आजवर कधी तंटा झाला नाही.

रविवारी मात्र मोटार बंद. रहाट होता तेव्हा रहाट बंद, बैलही मोकळा. त्यांच्याकडचे सगळे चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायचे आणि आमच्याकडच्यांनी शेजाऱ्याची सुट्टी पाळली ती पाळलीच. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "रविवारी पिण्यापुरती घागर भर. वाडीला थेंब नाय." का, ते मी विचारलं नाही. नव्या सुनेनं काय काय विचारायचं! पुढं तीस वर्षं तसंच चाललं आणि मग विचारायचं राहूनच गेलं.

यंदा होळी झाली आणि उन्हानं डोकं वर काढलं. माझी सोनचाफ्याची साठ झाडं आहेत, तीही पाणी मागायला लागली. पण तेव्हा माझं लक्ष चाफ्यात नव्हतं, मितेशमध्ये होतं. वसई पूर्वेला तो ज्या कारखान्यात होता तो ऑगस्टमध्ये बंद पडला. सात महिने पोरगं घरात. सकाळी दहाला उठायचं, मोबाइल बघायचं, जेवायचं, परत आडवं व्हायचं. दाढी वाढलेली. रिद्धी, माझी सून, बिचारी काही बोलायची नाही, पण चपात्या लाटताना लाटणं असं काही आपटायची की मला स्वयंपाकघरात जायची भीती वाटायची. एकोणतीस वर्षांच्या मुलाला आईनं किती वेळा उठवायचं? मला रात्रंदिवस तेवढं एकच दिसत होतं.

एका सकाळी तो आपणहून लवकर उठला आणि चहाला येऊन बसला.

"पियुषनं टँकर घेतलाय," तो म्हणाला. पियुष त्याचा शाळेतला मित्र. "पाच हजार लिटरचा. ड्रायव्हर आहे, पण त्याला भागीदार पाहिजे. पाणी कुठून भरायचं एवढाच प्रश्न आहे."

"म्हणून इथं आलास," हे म्हणाले. हे म्हणजे मितेशचे पप्पा, भालचंद्र.

"पप्पा, बोळिंजला माणसं राहत नाहीत का? रिद्धीच्या मम्मीकडे एक दिवसाआड पाणी येतं, तेही चाळीस मिनिटं. नवव्या मजल्यावर धारसुद्धा धड पोचत नाही."

ते खरंच होतं. आमची विहीणबाई फोनवर दुसरं काही बोलायची नाही. आज आलं, आज नाही आलं, आज गढूळ आलं. तिकडं नुसत्या इमारतींवर इमारती, आणि पाणी योजनेचं, योजना कागदावरची.

"आपल्या पाळीचं पाणी दिलं तर चाफा काय पिणार?" हे म्हणाले.

मितेशचा चेहरा परत त्या सात महिन्यांसारखा व्हायला लागला आणि मला ते बघवलं नाही.

"पाळीचं कशाला?" मी म्हणाले. "रविवारचं द्या की. रविवार कुणाचाच नाही."

ह्यांनी बशी खाली ठेवली. "पण सोमवारी..." म्हणाले आणि थांबले.

"सोमवारी काय?"

"काय नाय."

हे असेच. निम्मं वाक्य बोलतात आणि निम्मं चहाबरोबर गिळतात. मी म्हटलं, काय नाय तर काय नाय, आणि पदर खोचून तडक मार्गारेटकडं गेले.

मार्गारेट ओट्यावर पानं लावत बसली होती. तिची पानवेलीची वाडी, बारा वाफे. सेबेस्टियन जाऊन चार वर्षं झाली. मुलगा कॅल्विन बोटीवर, वर्षातून एकदा येतो. वेलींवर आणि पानांवरच तिचं सगळं. पान खुडायचं, निवडायचं, एकावर एक नीट रचून कवळी बांधायची. तिच्या अंगठ्याचं नख देठाच्या रसानं कायमचं काळं झालंय. येत्या पाडव्यापासून सोमवार तिचा होणार होता. ते मला पाठ होतं, तरी त्या क्षणी त्याचा नि ह्याचा संबंध डोक्यात आला नाही. किंवा आला असेल, मी येऊ दिला नाही.

मी सगळं सांगितलं. तिनं पान उलटं करून बघितलं, बाजूला ठेवलं.

"सेबेस्टियन असता तर नाय म्हणाला असता."

"सेबेस्टियन असता तर मी त्यालाही पटवलं असतं."

ती हसली. "ते खरं. तुझ्या तोंडापुढं कोण टिकतंय!" मग म्हणाली, "तुझं पोरगं ते माझं पोरगं गं. कॅल्विन तिकडं पाण्यावर, हा इथं पाण्यावाचून बसलाय. घे रविवार. पण मिस्सेच्या वेळी भोंगा वाजवू नको म्हणावं."

मी तिथंच तिचा हात धरला. एवढं सोपं होईल असं वाटलं नव्हतं.

पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी टँकर आला. आमची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपणं. त्यानं येता येता आमच्या जास्वंदीची एक फांदी मोडली. मितेश दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा. जाड पाइप, मोटार सुरू, आणि भरल्यावर टँकर हलत हलत निघाला. चार खेपा झाल्या. रविवारी मोटारीचा आवाज कानाला कसासाच वाटत होता, हे खरं. पण संध्याकाळी पोरगं शीळ वाजवत आंघोळीला गेलं आणि मी देवापुढं बसून रडले. आनंदानंच रडले, त्यात लपवायचं काय?

विहीणबाईचा फोन आला. "काय गोड पाणी हो तुमचं! डाळ दोन शिट्ट्यांत मेणासारखी." मी हे अख्ख्या गल्लीला सांगितलं. कोळीण आली तिलाही सांगितलं. बोळिंजच्या नवव्या मजल्यावर आमच्या विहिरीचं कौतुक म्हणजे माझंच कौतुक झालं होतं.

चाराच्या खेपा सहा झाल्या, मग आठ.

तिसऱ्या सोमवारी मार्गारेट अंगणात आली. आमच्या अंगणातूनच तिची चर्चची वाट, तीस वर्षं ती तशीच जाते-येते. पण त्या दिवशी थांबली.

"प्रेमा, मोटार हवा ओढते गं. अर्धे वाफे झाले नि पाइप खोकायला लागला."

मितेश उठलाच. "आंटी, काळजी करू नका, मी बघतो." तो विहिरीत उतरला आणि पाइपाचं तोंड चार फूट खाली सोडलं. मोटार परत धडधड पाणी टाकायला लागली. मार्गारेटनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी कठड्यावर उभी राहून बघत होते आणि मला म्हणावंसं वाटत होतं, बघा, कामाचं आहे की नाही माझं पोरगं!

हे तेव्हा केळीच्या वाफ्यात होते. वर मानही केली नाही त्यांनी.

एप्रिलच्या शेवटी चाफ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मी म्हटलं, ऊन आहे. कळ्या खुडायला पहाटे जायची तर कळी हातात यायच्या आधीच गळालेली. मी म्हटलं, ऊनच फार आहे. मार्गारेटच्या वेलींची पानं बारकी निघायला लागली, पिवळट, कडेनं चुरगळलेली. तिनं एक पान आणून माझ्या हातावर ठेवलं.

"हे काय गं?"

"खत जास्त झालं असेल," मी म्हणाले.

पानवेलीतलं मला ओ की ठो कळत नाही. तिनं सासूकडून शिकलेली विद्या ती, आणि मी तिला खत सांगत होते! तिनं पान परत घेतलं आणि गेली. पुढच्या आठवड्यात आगाशीच्या पानवाल्यानं तिच्या कवळ्या परत पाठवल्या. त्यानं एक पान चावून थुंकलं म्हणे.

मग तो रविवार. दुपारची वेळ, जेवणं झालेली. रिद्धीचा फोन वाजला आणि ती बोलता बोलता उठून उभी राहिली.

"आई," ती मला म्हणाली, "मम्मीच्या सोसायटीनं टँकर गेटवरूनच परत पाठवला. सेक्रेटरीनं पाण्यात ते खारेपणा मोजायचं पेन बुडवलं. आकडा कुठल्या कुठं गेला. मम्मी म्हणते, गेल्या आठवड्यापासूनच डाळ शिजत नव्हती. पाच शिट्ट्या दिल्या तरी दाणा तसाच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही."

मी तांब्या घेतला आणि विहिरीवर गेले. माझ्या मागून हे आले. आमचं पिण्याचं पाणी दोन वर्षांपासून नळाचं, त्यामुळं विहिरीचं पाणी तोंडात घालून किती दिवस झाले होते देव जाणे. तीस वर्षं रविवारची घागर भरली आणि नळ आल्यावर तेवढंही सोडलं. मी घोट घेतला आणि थुंकले. ह्यांनी घेतला, थुंकले. मितेश टँकरबरोबर परत आला होता, त्यानं घेतला आणि बराच वेळ तोंडात तसाच धरून उभा राहिला. मग तोही वळून थुंकला.

खारं. डोळ्यातल्या पाण्यासारखं खारं.

"सोमवारी विहीर दोन चिरे वर असायची," हे म्हणाले. आता बोलले! "रविवारी कुणी उपसत नाय, म्हणून भरायची. सोमवारवाल्याला सगळ्यांत जास्त पाणी, म्हणून तर सोमवार वर्षाआड बदलायचा. वर गोडं, खाली खारं. बाबा म्हणायचे, तिला श्वास घेऊ द्यायचा. ओढत राहिलं की खालचं वर येतं."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तू बोलत होतीस."

रविवार कुणाचाच नाही म्हणाले मी, आणि तो सोमवारचा होता, यंदा मार्गारेटचा. तिच्याच हाताखालून काढून मी तिच्याच तोंडावर तो मागून घेतला होता.

मार्गारेट कुंपणाशी कधी आली ते कळलं नाही. तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला, घोट घेतला. थुंकायला बाजूला व्हायचंही तिला सुचलं नाही, पाणी तिच्याच पायावर पडलं. तांब्या कठड्यावर उपडा ठेवला. शिवी दिली असती तर मी पाया पडले असते. ती फक्त वेलींकडं बघत घरात गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या अंगणातून जायची बंद झाली. रस्त्यानं वळसा घालून चर्चला जायची, दहा मिनिटं जास्त, त्या उन्हात. मी ओट्यावरून बघायची. तिची छत्री कुंपणावरून पुढं पुढं सरकत जाताना दिसायची. गिरणीत मी शेजारी उभी राहिले तर तिनं पीठ घेतलं आणि गिरणीवाल्याशी बोलत निघून गेली. गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं. बघू देत, माझी लायकीच ती.

मितेशचं वेगळं चाललं होतं. टँकर आमच्या विहिरीवर यायचा बंद झाल्यावर पियुषनं दुसरीकडं सोय लावली. एका शनिवारी सकाळी मी वाडीत असताना टँकर मागं मागं घेत मार्गारेटच्या फाटकाशी उभा राहिला.

"आंटी," मितेशनं हाक मारली. "गोडं पाणी आणलंय. वेलींना सोडतो. पैसे नकोत."

आतून त्याला लागलंय ते मला दिसत होतं, माझंच पोर ते. मार्गारेट फाटकात आली. इतक्या दिवसांत मी तिला एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. वाळली होती.

"कुठलं पाणी?"

"जूचंद्रचं."

"विहीर कुणाची?"

"आहे एकाची. त्यानं स्वतःहून दिलंय, आंटी. आम्ही काय चोरून..."

"त्याच्या शेजारी कोण राहतं?"

मितेशला ते माहीत नव्हतं. ड्रायव्हरकडं बघितलं तर त्यालाही नाही.

"ने परत," मार्गारेट म्हणाली.

मला राहवलं नाही. कुंपणाशी जाऊन मी ओरडले, "अगं वेली जातील! घे की! कुणाच्या रागावर कुणाला मारतेस?"

ती माझ्याशी बोलली. किती दिवसांनी बोलली! "जाऊ देत. गेल्या तर माझ्या जातील. तिकडच्या बाईच्या कशाला?"

टँकर परत गेला. मितेश संध्याकाळपर्यंत घरी आला नाही. आल्यावर जेवला नाही.

त्या रात्री नाही, पण सोमवारी सकाळी मी ह्यांना म्हणाले, "वर गोडं आणि खाली खारं म्हणालात ना? मग वरचं वर काढता येईल का?"

"मोटारीनं नाय."

"हातानं?"

ह्यांनी माझ्या खांद्यांकडं बघितलं. माझं वय छप्पन्न, उजवा खांदा दोन वर्षं दुखतोय. मग ह्यांनी मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं, माळ्यावरून जुनी कप्पी काढली, रहाटाचे खांब अजून उभे आहेत त्यांना आडवं लाकूड बांधून ती अडकवली. दोन दिवस गेले त्यात. बुधवारी दिवस उगवायच्या वेळी मी पहिला पोहरा सोडला.

खाली सोडायचा तो हलक्या हातानं. धाडकन सोडला की पाणी ढवळतं आणि खालचं खारं वर येतं. पोहरा पाण्यावर आडवा लोळवायचा, वरचं पाणी आपोआप आत येईल तेवढंच घ्यायचं, मग ओढायचं. अर्धा पोहरासुद्धा भरायचा नाही. कळशी भरायला चार-पाच खेपा. कळशी खांद्यावर घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडं, मार्गारेटच्या वाफ्यात. चव घेतली होती मी, अजून खारटच होतं, पण थुंकावं इतकं नाही.

आमच्या पाळीचं तिला आणि तिच्या पाळीचंही तिलाच, असं मी ठरवलं. चाफ्याला पाणी बंद. साठ झाडं मी वाढवलेली, एकेकाला मुलासारखं बघितलेलं. तिकडून येताना मी मान खाली घालून यायची, त्यांच्याकडं बघायचं नाही म्हणून. पानं पिवळी पडून खाली खच पडला.

पहिल्या दिवशी तीस कळशा झाल्या. मार्गारेट दारात उभी राहिली, आत गेली. दुसऱ्या दिवशी पस्तीस. तळहाताला फोड आले, फुटले, मी फडकं गुंडाळलं. रिद्धी म्हणाली, "आई, मी ओढते," आणि तिनं ओढायला सुरुवात केली. बोळिंजची पोरगी, जन्मात दोर धरला नव्हता, पण धरला. तिसऱ्या दिवशी मार्गारेट आली. रिद्धीच्या हातातून दोर घेतला आणि पोहरा असा काही अलगद आडवा केला की पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही. मग कळलं, दोन दिवस आम्ही चुकीचंच ओढत होतो.

मितेश टँकरवर जायच्या आधी कळशा उचलायला लागला. तो टँकर सोडणार नव्हता, मी सोड म्हटलंही नाही. बोळिंजची माणसं काय हवा पिणार? पण रोज पहाटे वीस कळशा तो न्यायचा आणि मगच जायचा.

बारा वाफ्यांना पुरेल इतकं पाणी नव्हतंच. तिनं एक दिवस वाफ्यात उभं राहून बोट दाखवलं. हे तीन. बाकीचे सोड. नऊ वाफे तिनं असे सोडून दिले. त्यातल्या दोनांच्या वेली सेबेस्टियननं लावल्या होत्या, मला माहीत होतं. वाचवायला तिनं त्यांच्याकडंही बोट केलं नाही.

मे महिना सरत आला. शुक्रवारी आणि शनिवारी ऊन असं तापलं की तीन वाफ्यांतली कोवळी पानंही मान टाकायला लागली. शनिवारी संध्याकाळी मी बोटानं माती उकरून बघितली, वीतभर खाली सुकी. रात्रभर झोप लागली नाही. रविवारी उजाडताच मी दोर घेऊन विहिरीवर गेले. म्हटलं, दहा कळशा तरी. देवाला काय कळतंय, देवळात जाऊन क्षमा मागेन.

पोहरा सोडणार इतक्यात मागून आवाज आला.

"आज नाय."

मार्गारेट. मिस्सेची साडी, हातात छत्री, पायात चपला. आणि ती आमच्या अंगणातून आली होती. मी आधी ते बघितलं, बोलणं नंतर कळलं.

"अगं वेली गेल्या! माती बघ जाऊन. एक दिवस आणखी..."

"बघितली."

"मग?"

"आज नाय, प्रेमा. विहिरीची सुट्टी."

"आणि हे तीन वाफेसुद्धा गेले तर? मग काय राहिलं तुझ्याकडं? मी कुठल्या तोंडानं..." मी कठड्यावर बसले आणि फडक्यानं तोंड झाकलं. मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. माफ कर, असंही म्हणाले, दहा वेळा म्हणाले असेन.

तिनं मला रडू दिलं. मग माझ्या हातातून दोर सोडवून घेतला, नीट वेटोळं केलं आणि क्रुसाच्या खाली ठेवला.

"चा ठेव," ती म्हणाली. "मिस्सेवरून आले की घेते."

ती परत आली आणि ओट्यावर बसून चहा प्यायली. ह्यांच्याशी कॅल्विनबद्दल बोलली. माझ्याशी फारसं नाही, पण पाव आणला होता तो मोडून मला दिला, चहात बुडवायला. दिवसभर ऊन रटरटत होतं. मी वेलींकडं बघायचं नाही म्हणून घर झाडलं, डबे घासले, माळा आवरला. दुपारी वेली दोऱ्या ढिल्या झाल्यासारख्या लोंबत होत्या. एकदा हेच उठून विहिरीकडं निघाले, मी म्हणाले, "बसा." ते बसले.

सोमवारी उजाडलं तेव्हा आम्ही सगळे कठड्याशी होतो. हे वाकून चिरे मोजत होते.

"दीड," म्हणाले. "दीड चिरा वर आहे."

मार्गारेटनं पोहरा आडवा केला, ओढला. ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं. टँकर परत आला त्या रविवारी जो जो ह्या कठड्याशी आला तो तोंड वाकडं करून थुंकून गेला होता. मी तिच्या ओठांकडं बघत राहिले. ती डोळे मिटून बराच वेळ तशीच थांबली. रिद्धीनं माझा दंड घट्ट धरला होता.

तिनं गिळलं.

"मचूळ हाय," ती म्हणाली. "पण पानी हाय."

मग तिनं पहिली कळशी भरली. मी ती उचलायला पुढं झाले आणि सवयीनं कुंपणाच्या फटीकडं वळले.

"तिकडं नाय," मार्गारेट म्हणाली.

"मग?"

"सोमवार माझा ना यंदा? मग कुणाला द्यायचं ते मी सांगणार. ही तुझ्या चाफ्याला घाल."

मी नको म्हणणार होते. तोंड उघडलंही. पण तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि माझं तोंड, ज्याच्यापुढं कोणी टिकत नाही म्हणतात, ते मिटलं. विहिरीजवळच्या पहिल्या झाडाशी जाऊन मी कळशी ओतली. मातीनं ती एका दमात पिऊन टाकली. मी रिकामी कळशी घेऊन परत आले आणि दुसरी तिच्या वेलींना नेली.